सापडलं, पारखलं, मग पाठवलं: ऑनलाइन गाणी शोधण्याची आणि वाटण्याची रीत

रात्री साडेदहाला घरच्या ग्रुपवर एक लिंक येते. खाली लिहिलेलं असतं, 'अप्रतिम! नक्की ऐका', आणि जोडलेले हात. कोण गातंय, काय गातंय, किती वेळाचं आहे, काहीच कळत नाही. उघडावं तर एक तास बारा मिनिटांचा व्हिडिओ आणि पहिली सात मिनिटं निवेदन. बहुतेक जण तिथेच थांबतात. गाणं खरोखर चांगलं असतं, पण ते कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. सहा महिन्यांनी कुणाला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं तर लिंक बंद पडलेली असते आणि शोधायला हाताशी एकही शब्द नसतो.

असं होतं, कारण सापडलं की लगेच पाठवलं जातं. मधली दोन कामं राहून जातात: गाण्याची ओळख पटवणं आणि ती लिहून ठेवणं. पुढचे सगळे टप्पे या दोन कामांभोवती आहेत. उदाहरणं मुख्यतः ख्याल, नाट्यपद, भावगीत आणि ओव्यांची घेतली आहेत, कारण नावांचा घोळ तिथे सर्वांत जास्त होतो. चित्रपटगीतांची माहिती बहुतेक वेळा नीट मिळते.

## तयारी

हेडफोन घ्या. साधे वायरचे चालतील. फोनच्या स्पीकरवर तंबोरा आणि तबल्याचा डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रण चांगलं की वाईट हे ठरवताच येत नाही.

एक वही किंवा एक शीट ठेवा. फोनमधल्या नोट्ससुद्धा चालतील. मात्र जागा एकच असू द्या. निम्मं व्हॉट्सॲपमध्ये तारा लावून, निम्मं यूट्यूबवर 'नंतर पहा'मध्ये, असं विखुरलं की काहीच सापडत नाही.

ऐकण्यासाठी वेगळं चॅनेल किंवा वेगळं खातं उघडा. घरातल्या मुलांची बडबडगीतं, स्वयंपाकाचे व्हिडिओ आणि बातम्या ज्या खात्यावर चालतात, तिथे यूट्यूब तुम्हाला मारवा रागाच्या पुढे बडबडगीतच सुचवणार. वेगळ्या खात्यावर फक्त संगीत ऐका. आलेलं फॉरवर्ड तिथे उघडायचं असेल तर आधी पाहण्याचा इतिहास थांबवा किंवा ते गुप्त (इनकॉग्निटो) विंडोमध्ये उघडा.

डेटाची काळजी असेल तर हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसचा ऑडिओ मिनिटाला सुमारे १ एमबी, म्हणजे तासाला ६० एमबीच्या आत. व्हिडिओला याच्या कितीतरी पट लागतो. गाणंच ऐकायचं असेल तर ऑडिओ ॲपमध्ये ऐका, नाहीतर व्हिडिओची गुणवत्ता खाली आणा.

## १. काय हवंय ते एका ओळीत लिहा

शोधपट्टीत टाइप करण्याआधी वहीत एक ओळ लिहा. तिच्यात पाच गोष्टी येऊ शकतात: प्रकार, कलाकार, राग किंवा पहिली ओळ, काळ आणि लांबी. पाचही माहीत असण्याची गरज नाही, दोन पुरतात.

'संध्याकाळचं काहीतरी छान' असं शोधलं की तासन्‌तास चालणारी, कुणी वाजवलं हे न सांगणारी मनःशांतीची संकलनं येतात. 'पूरिया धनाश्री, बासरी, एका तासाच्या आत' असं लिहून शोधलं की पहिल्या पानावरच ऐकण्यासारखं काहीतरी लागतं.

फक्त चाल डोक्यात आहे, नाव आठवत नाही? इथे दोन साधनं आहेत आणि लोक नेमकं चुकीचं वापरतात. शझाम हे ॲप त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं. दुकानात, रिक्षात मूळ गाणं वाजत असेल तर ते लगेच ओळखतं. तेच गाणं समोर कुणी पेटीवर गात असेल तर सहसा ओळखत नाही. गूगल ॲपमधलं गुणगुणून शोधणं मात्र चालीवर चालतं. १० ते १५ सेकंद, शब्दांशिवाय, 'ला ला' करत मुखडा गुणगुणा. चित्रपटगीतं आणि लोकप्रिय भावगीतांना हे चांगलं लागू पडतं. ख्यालाचा आलाप गुणगुणून मात्र हाती फारसं काही लागत नाही, कारण तो दर वेळी वेगळा असतो.

## २. शोधाचे शब्द घडवा

एकच शब्द टाकून 'नाही मिळालं' म्हणणं ही सर्वांत मोठी चूक. गाणी चढवणारे लोक महाराष्ट्रातले, बंगालमधले, कर्नाटकातले आणि परदेशातलेही असतात आणि प्रत्येक जण नाव आपापल्या पद्धतीनं लिहितो.

देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शोधा. मराठी भावगीत देवनागरीत लवकर मिळतं, राग आणि वाद्यसंगीत रोमनमध्ये जास्त मिळतं. मग नावाची दुसरी रूपं वापरून पाहा: भूप आणि भूपाली, मालकंस आणि मालकौंस, बागेश्री आणि बागेश्वरी, जयजयवंती आणि जैजैवंती, यमन आणि कल्याण. दीर्घ स्वर रोमनमध्ये कुणी एका अक्षरानं लिहितं तर कुणी दोन अक्षरांनी. आडनावांचंही तसंच. मन्सूर हे नाव निदान दोन प्रकारे लिहिलेलं सापडेल.

सावधान: सारखी वाटणारी नावं. कर्नाटक संगीतातला हिंदोलम आपल्या मालकंसाच्या जवळचा आहे. आपल्याकडचा हिंडोल हा पूर्ण वेगळा राग. हिंदोलम शोधायला गेलात आणि हिंडोल ऐकून परत आलात, तर कानाची दिशाच चुकते. कर्नाटक संगीतातला मोहनम मात्र भूपाच्या जवळचा, त्यामुळे भूप आवडत असेल तर मोहनम मुद्दाम शोधा.

नाट्यपदासाठी पदाची पहिली ओळ आणि नाटकाचं नाव दोन्ही टाका. अंतऱ्यातली ओळ आठवत असेल तर ती अवतरणचिन्हांत टाकून आधी गाण्यांचे शब्द देणाऱ्या संकेतस्थळावर शोधा, तिथून मुखडा घ्या आणि मगच यूट्यूबवर जा. अंतऱ्याच्या ओळीवर व्हिडिओ क्वचितच सापडतात.

नको असलेलं वगळण्यासाठी शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या: रिमिक्स, कराओके, स्टेटस, लोफाय. पूर्ण मैफल हवी असेल तर शोधाच्या गाळणीत '२० मिनिटांपेक्षा जास्त' निवडा. या एका कृतीनं रील आणि तुकडे निघून जातात.

तपासणी: तीन वेगवेगळ्या शब्दरूपांनी शोधलंत का? नसेल तर अजून 'मिळालं नाही' म्हणू नका.

## ३. योग्य दुकानात जा

यूट्यूबची शोधपट्टी ही एकच वाट नव्हे. प्रकारानुसार जागा बदला.

ख्याल, धृपद, वाद्यसंगीत. प्रसार भारती अर्काइव्ह्ज या यूट्यूब चॅनेलवर आकाशवाणी-दूरदर्शनच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं येतात. थेट ऐकायचं तर न्यूजऑनएअर ॲपवर 'रागम' ही वाहिनी लावा. आकाशवाणीनं ती २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू केली आणि तिच्यावर शास्त्रीय संगीत चोवीस तास चालतं. नव्या पिढीचे कलाकार स्वच्छ ध्वनीत ऐकायचे असतील तर लंडनच्या दरबार फेस्टिव्हलचं चॅनेल बघा. तिथे राग आणि साथीदारांची नावं व्यवस्थित दिलेली असतात.

रेडिओवर एक काळजी घ्या. मागे जाऊन ऐकता येत नाही आणि निवेदक नाव साधारणपणे सुरुवातीला आणि शेवटी सांगतो. मधेच लावलंत तर घड्याळातली वेळ टिपून ठेवा आणि शेवटचं निवेदन होईपर्यंत वाहिनी बदलू नका.

राग समजून ऐकायचा असेल तर राजन पर्रीकर यांचं संकेतस्थळ हाताशी ठेवा. एकेका रागावर लेख आणि सोबत अनेक गायक-वादकांचे छोटे तुकडे आहेत. इंग्रजी वाचायची तयारी हवी. बंदिशी आणि रागांच्या यादीसाठी स्वरगंगा हे संकेतस्थळ आहे.

भावगीत, नाट्यपद, भक्तिगीत. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गाण्याच्या शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, गायक, आणि बऱ्याच ठिकाणी राग व नाटक-चित्रपटाचं नाव मिळतं. तिथल्या नावावर टिचकी मारली की त्याच गीतकाराची किंवा त्याच रागातली इतर गाणी समोर येतात. अनेक लोक तिथे फक्त शब्द वाचून परत फिरतात. खरा खजिना त्या दुव्यांमध्ये आहे. संगीतकाराचं नाव धरून पुढे गेलात तर एका बैठकीत कधी न ऐकलेली पाच-सहा गाणी सहज मिळतात.

ओव्या. पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, यांच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या या संकलनात महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या एक लाखावर ओव्या आहेत. गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि ओवीचे शब्द सोबत मिळतात. लोकसंगीत 'पारंपरिक, गायक अज्ञात' म्हणून खपवलं जातं, तिथे हा संग्रह प्रत्येक बाईचं नाव लिहितो. ओवी पाठवताना तिचं नाव आणि गाव गाळू नका.

जुन्या तबकड्या. इंटरनेट अर्काइव्हवर शोधताना माध्यम 'ऑडिओ' निवडा, नाहीतर पुस्तकांचे ढीग येतात. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असते. शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्याला हात धरून आत न्यायचं तर याहून चांगली जागा नाही, कारण मोठमोठ्या गायकांनी अख्खा राग त्या तीन मिनिटांत बसवला आहे.

जगाच्या पाठीवरचं काहीही ऐकायचं असेल तर रेडिओ गार्डन या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबा.

## ४. सुचवणीपेक्षा माणसांच्या मागे जा

ॲप जे सुचवतं ते बहुतेकदा आधीच लोकप्रिय असतं. त्याच वर्तुळात फिरायचं नसेल तर माणसांच्या नात्यांनी पुढे सरका.

समजा, किशोरी आमोणकरांचं गाणं मनात बसलं. त्यांच्या गुरू म्हणजे त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. त्याच जयपूर-अत्रौली घराण्याच्या दुसऱ्या टोकाला केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. एका नावावरून ऐकायला चार नावं झाली: किशोरीताई, मोगूबाई, केसरबाई आणि मन्सूर. या चौघांचा एकच राग शोधून लागोपाठ ऐकलात तर घराणं म्हणजे काय हे कानालाच कळतं.

दुसरी वाट साथीदारांची. व्हिडिओच्या वर्णनात तबला आणि संवादिनी कुणाची आहे ते बघा आणि ते नाव शोधा. चांगला साथीदार अनेक गायकांबरोबर बसतो, त्यामुळे त्याच्या नावावर तुम्ही कधी न ऐकलेले गायक सापडतात.

तिसरी वाट महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकांची. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची पत्रिका घ्या आणि तिच्यातलं अनोळखी प्रत्येक नाव शोधा. पहिल्या दिवशी सुरुवातीला कुणाला बसवलंय ते आवर्जून बघा, उद्याचे मोठे कलाकार पुष्कळदा तिथे दिसतात.

## ५. ओळख पटवा

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि सर्वांत जास्त गोंधळ इथूनच पसरतो. पाठवण्याआधी पुढच्या तपासण्या करा. सवय झाली की पाच मिनिटं लागतात.

वर्णन उघडून पूर्ण वाचा. शीर्षक लोकांना खेचण्यासाठी लिहिलेलं असतं, माहिती खाली असते. नावापुढे 'टॉपिक' असलेली चॅनेल यूट्यूब आपोआप बनवतं आणि तिथली माहिती कंपनीकडून आलेली असते. गायक, संगीतकार आणि गीतकार तिथे बहुधा बरोबर असतात. वर्ष मात्र फसवं असतं. ℗ या चिन्हापुढचं वर्ष पुष्कळदा सीडीच्या किंवा डिजिटल आवृत्तीचं असतं. १९३० च्या दशकातल्या तबकडीपुढे २००५ दिसलं तर ते ध्वनिमुद्रणाचं वर्ष धरू नका.

चित्रावर विश्वास ठेवू नका. नाट्यपदाच्या व्हिडिओवर मूळ गायकनटाचा फोटो आणि आवाज पन्नास वर्षांनंतरच्या गायकाचा, हे सर्रास दिसतं. एकाच पदाची दोन-तीन पिढ्यांची ध्वनिमुद्रणं असतात. शंका आली तर त्या गायकाचं निर्विवाद असं दुसरं ध्वनिमुद्रण लावा आणि आवाज जुळवा.

शेवट ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्यांवर गाणं संपताना कलाकार स्वतःचं नाव सांगतो. ओळख पटवायला याहून मोठा पुरावा नाही आणि लोक दोन सेकंद आधी बंद करतात.

वेग तपासा. कॅसेट किंवा तबकडी चुकीच्या वेगानं वाजवून चढवली की सूर वर किंवा खाली जातो. काही जण स्वयंचलित हक्कतपासणी चुकवायला मुद्दाम वेग बदलतात. त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत शोधा आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंतचा वेळ मोजा. आधी-नंतरची खरखर मोजू नका. एकीत ३ मिनिटं १० सेकंद आणि दुसरीत ३ मिनिटं २२ सेकंद आले, तर फरक सहा टक्क्यांचा. म्हणजे दोन्हींच्या पट्टीत जवळजवळ अर्ध्या सुराचं अंतर पडलं: एकीत षड्ज पेटीच्या काळी एकला लागत असेल तर दुसरीत पांढरी एकला. बरोबर कोणती हे ठरवायला त्याच कलाकाराची त्याच काळातली आणखी ध्वनिमुद्रणं तंबोऱ्याच्या ॲपबरोबर ताडून बघा. बहुतेक गायक वर्षानुवर्षं एकाच पट्टीच्या आसपास गातात.

रागाचं नाव दोन ठिकाणी पडताळा. प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी लिहिलंय एवढ्यावर लिहू नका. भूप आणि देसकार यांचे स्वर सारखे, मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर सारखे. फरक चलनात, म्हणजे स्वर एकमेकांना कसे जोडले जातात त्यात, आणि कोणत्या स्वरावर जोर आहे त्यात. त्यामुळे स्वर ओळखणाऱ्या ॲपनं दिलेलं उत्तर इथे चुकतं. खात्री होत नसेल तर 'राग: खात्री नाही' असं सरळ लिहा. चुकीचं नाव एकदा फिरायला लागलं की परत आणता येत नाही.

काळ जुळतो का पाहा. दिवंगत गायकाच्या आवाजात अलीकडचं गाणं ऐकू आलं, तर ते यंत्रानं बनवलेलं असू शकतं. वर्णनात 'एआय' लिहिलेलं असेलच असं नाही. गायकाचं निधन कधी झालं आणि गाणं कधी आलं, ही दोन वर्षं शेजारी ठेवा.

श्रेय पूर्ण घ्या. 'हे अमक्यांचं गाणं' म्हणताना आपण गायकाचं नाव घेतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हेही टिपा. अभंग असेल तर संताचं नाव वेगळं आणि चाल लावणाऱ्याचं वेगळं.

## ६. वहीत उतरवा

यूट्यूबवरचा व्हिडिओ काढून टाकला गेला की तुमच्या यादीत त्याच्या जागी 'डिलीट केलेला व्हिडिओ' एवढंच उरतं. नावसुद्धा राहत नाही. तीनशे गाण्यांच्या यादीतली चाळीस गेली तर कोणती गेली हेही कळत नाही. म्हणून वही.

एक भरलेली नोंद अशी दिसते:

*पूरिया धनाश्री. बासरी: (पूर्ण नाव). तबला: (पूर्ण नाव). लांबी ५२ मि. आलाप–जोड, तबला २१:४० ला येतो. ध्वनी स्वच्छ, शेवटी टाळ्यांमध्ये थोडं फाटतं. राग दोन ठिकाणी पडताळला. वर्ष माहीत नाही. चॅनेल: (नाव). पाहिल्याची तारीख. २१:४० पासून दहा मिनिटं कुणालाही देता येतील.*

लिंक सगळ्यात शेवटी चिकटवा. लिंक गेली तरी वरच्या ओळींवरून दुसरी प्रत शोधता येते. लांबी सेकंदांसह लिहिलीत तर तीच प्रत आहे का हेही कळतं.

## ७. यादी बांधा

दुसऱ्याला द्यायच्या यादीत पाच ते सात गोष्टी पुरेत, आणि एकूण वेळ तासाभराच्या आत. साठ गाण्यांची यादी कुणी ऐकत नाही.

क्रमाला मैफलीची रीत लावा. पहिली गोष्ट छोटी आणि ताबडतोब पकडणारी, तीन मिनिटांची तबकडी असेल तर उत्तम. दुसरी आठ-दहा मिनिटांची. मग एकच लांब. लांब ख्यालानंतर लगेच दुसरा विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल ठेवू नका, कान थकतो. तिथे ओवी, अभंग किंवा लावणी ठेवा, म्हणजे आवाजाची जातच बदलते. शेवट भैरवीनं. सकाळचे आणि संध्याकाळचे राग एका यादीत कालवू नका. तुम्हाला चालत असेल, पण ज्याला देताय तो रागांची वेळ पाळणारा असेल तर पहिल्या मिनिटालाच खटकतं.

यादीला 'माझी आवड १' असं नाव देऊ नका. 'दिवेलागणीचे राग, ५० मिनिटं' असं नाव दिलं की उघडणाऱ्याला काय मिळणार ते कळतं.

तपासणी, चुकवू नका: यादी खासगी ठेवून लिंक पाठवली की समोरच्याला काहीच दिसत नाही. मोजक्यांना द्यायची असेल तर 'अनलिस्टेड' करा. त्यात लिंक असलेल्यालाच ती दिसते. मग ती लिंक गुप्त विंडोमध्ये, लॉग-इन न करता, स्वतः उघडून बघा. पैसे भरून घेतलेल्या ॲपवरची यादी असेल तर समोरच्याकडे ते ॲप आहे का ते आधी विचारा.

## ८. पाठवा

माहिती आणि लिंक एकाच संदेशात. आधी लिंक आणि खाली वेगळ्या संदेशात माहिती दिली, तर पुढे पाठवताना माणूस फक्त लिंक उचलतो. माहिती तिथेच गळते.

सुरुवातीची वेळ जोडा. संगणकावर यूट्यूबच्या 'शेअर' चौकटीत सुरुवातीची वेळ निवडायची खूण असते. फोनवर ती खूण सापडली नाही तर हातानं जोडा: वेळेचे सेकंद करा, २१:४० म्हणजे १३००. फोनवरून घेतलेल्या छोट्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढे जे असतं ते कुठून शेअर केलं याची नोंद असते, ते पुसलं तरी चालतं. पुसून झालं की प्रश्नचिन्ह, लहान रोमन 'टी', बरोबरचं चिन्ह आणि १३००, मधे जागा न सोडता लिहा. पाठवण्याआधी एकदा उघडून बघा.

संदेश असा:

*पूरिया धनाश्री, बासरी. (नाव), तबल्यावर (नाव). एकूण ५२ मिनिटं, पण लिंक २१:४० ला सुरू होते, तिथे तबला येतो. पहिली दहा मिनिटं पुरेत. हेडफोन लावून ऐका. आवडलं तर मग पहिल्यापासून, दिवे लागायच्या वेळी.*

'अप्रतिम', 'अंगावर काटा' हे शब्द गाळा. त्याऐवजी कान कुठे द्यायचा ते एका ओळीत सांगा: 'चौथ्या मिनिटाला निषादावर किती वेळ थांबलेत ते बघा.' ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं आणि तो तिथपर्यंत थांबतो.

कुणाला, किती. आठवड्याला एक पुरे. सगळ्यांना एकच पाठवण्यापेक्षा माणूस बघून द्या. मावशीला नाट्यपदं आवडतात तर तिला तेच, भाच्याला गिटार आवडतं तर त्याला सरोद. वैयक्तिक संदेशाला उत्तर येतं, ग्रुपवर अंगठा येतो.

स्वतःचं किंवा घरच्यांचं गाणं पाठवताना फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. फाइलचं नाव बदला: गाणारीचं नाव, गाणं, गाव, वर्ष. फोननं दिलेला नुसता आकडा ठेवलात तर आजीची ओवी दहा वर्षांनी कुणालाच सापडणार नाही. जपून ठेवायची मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा. सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. पाठवायला एमपी३ करा. १२८ केबीपीएसची फाइल ३२० वर बदलून आवाज सुधारत नाही, फक्त आकार वाढतो.

## ९. हक्कांची मर्यादा

अधिकृत चॅनेलची लिंक पाठवण्यात अडचण नाही. गाणं उतरवून स्वतःच्या चॅनेलवर चढवण्यात आहे.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० साली प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२१ पासून मोकळं झालं. इथेच लोक थांबतात आणि चुकतात. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते रचणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं चालतात. ग. दि. माडगूळकरांचं निधन १९७७ सालचं, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं.

ओवी किंवा पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नसलं तरी गाणारी बाई समोर बसलेली असते. तिचं गाणं फोनवर घेतलंत तर कुठे टाकणार ते तिला आधी सांगा, ऐकवा, आणि 'हो' म्हटलं तरच चढवा. नाव द्यायचं का हेही तिलाच विचारा.

## १०. तीन महिन्यांनी दुरुस्ती

दर तीन महिन्यांनी यादी उघडा आणि बंद पडलेल्या जागा शोधा. वहीतली नोंद काढा, कलाकाराचं नाव आणि राग दोन्ही लिप्यांत टाका आणि लांबी जुळणारी प्रत शोधा. काही सेकंदांचा फरक सुरुवातीच्या शांततेचा असू शकतो. मिनिटाभराचा असेल तर ते दुसरं ध्वनिमुद्रण आहे. नवी प्रत वेगाच्या तपासणीतून पुन्हा काढा आणि सुरुवातीची वेळ नव्यानं मोजा, कारण नव्या प्रतीत तबला २१:४० ऐवजी २१:१५ ला येत असेल. मग ग्रुपमध्ये जुना संदेश शोधून त्यालाच उत्तर म्हणून नवी लिंक द्या, म्हणजे माहिती आणि लिंक पुन्हा एका जागी येतात.